नस नेमकी कुठे बिघडली? डोक्यापासून पायापर्यंत तपासण्याची रीत

‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतूच. मेंदूच्या नसांच्या १२ जोड्या, मज्जारज्जूच्या ३१. आकडे तोंडपाठ असूनही तपासणी फसते, कारण नस चालते की नाही एवढंच पाहिलं जातं. ती वाटेत कुठे दुखावली असेल हा प्रश्न मागे राहतो.

हाताशी टॉर्च, कापूस, एकदाच वापरायची पिन, ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, रिफ्लेक्स हॅमर (स्नायूचा झटका तपासायची छोटी हातोडी) आणि थोडी कॉफीपूड असू द्या. रुग्ण समोर बसलेला, चेहऱ्यावर सारखा उजेड.

पहिली नस वासाची. डोळे मिटायला सांगा, एक नाकपुडी दाबा, दुसरीशी कॉफी धरा. अमोनिया किंवा स्पिरिट नको: ते नाकाला झोंबतं आणि झोंबणं पाचवी नस कळवते, त्यामुळे वास पार गेलेला माणूसही दचकतो. सर्दी असेल तर ही पायरी सोडाच.

दुसरीसाठी ६ मीटरवरचा तक्ता, एका वेळी एकच डोळा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. मग टॉर्च. उजेडाची खबर दुसरी नस आत नेते, बाहुली आवळण्याचा हुकूम तिसरी बाहेर आणते. उजव्या डोळ्यात उजेड टाकल्यावर दोन्ही बाहुल्या ढिम्म, पण डाव्यात टाकल्यावर दोन्ही आवळतात, तर उजवीकडची दुसरी नस बिघडली. उजेड कुठेही टाका, उजवी बाहुली मोठीच राहते आणि डावी नीट आवळते, तर उजवीकडची तिसरी.

डोळ्यांच्या हालचालीसाठी डोकं स्थिर ठेवायला सांगून बोट इंग्रजी ‘एच’च्या आकारात फिरवा. डोळा बाहेरच्या बाजूला जात नसेल तर सहावी. पापणी पडलेली, डोळा खाली-बाहेर वळलेला, तर तिसरी. त्यात बाहुलीही मोठी आणि डोकं दुखतंय, तर मेंदूतल्या धमनीचा फुगा नसेवर दाबत असू शकतो. तिथे थांबायचं नाही, लगेच रुग्णालय. चौथीचा रुग्ण बहुधा जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या दिसतात म्हणून येतो आणि मान दुसऱ्या बाजूला कलती ठेवतो.

पाचवीसाठी कपाळ, गाल, हनुवटी या तिन्ही ठिकाणी कापूस टेकवा, दोन्ही बाजूंची तुलना करा. जबड्याच्या कोपऱ्यावर मात्र टेकवू नका, तो भाग मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या नसांचा. तोंड उघडल्यावर जबडा दुबळ्या बाजूला सरकतो.

सातवीवर वेळ द्या. चेहरा वाकडा झालेल्या माणसाला आधी भुवया वर करायला सांगा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणून कपाळावर आठ्या पडतात पण तोंडाचा कोपरा ओघळलाय, तर बिघाड मेंदूत असण्याचा संभव जास्त. हे अचानक झालं असेल तर पक्षाघात समजूनच धावायचं. कपाळासकट अर्धा चेहरा सपाट असेल तर नस स्वतःच दुखावलीय, जसं बेल्स पाल्सीत (सातव्या नसेचा लकवा). दुबळेपणा थोडासाच असेल तर डोळे घट्ट मिटायला सांगा आणि पापण्यांचे केस बघा: धड बाजूचे केस आत दडतात, दुबळ्या बाजूचे लांब दिसत राहतात. जीभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवही हिचीच. नेहमीची गल्लत म्हणजे पडलेली पापणी सातवीच्या नावावर मांडणं. पापणी उचलते तिसरी, मिटते सातवी. डोळा मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं; दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी मिटवून टेप, हे उपचारात विसरायचं नाही.

आठवीसाठी फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवा. नसेमुळे ऐकू कमी येत असेल तर आवाज चांगल्या कानात मोठा वाटतो. मळामुळे असेल तर उलट, बिघडलेल्या कानात. ‘आ’ म्हणताना पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते (दहावी), बाहेर काढलेली जीभ मात्र दुबळ्या बाजूला वळते (बारावी). अकरावीत फसगत ठरलेली: चेहरा डावीकडे वळवतो तो मानेचा उजवा स्नायू.

आता मणके. मानेत मणके ७ आणि नसा ८. पहिल्या ७ नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्या खालूनच. म्हणून मानेत मणका ५ आणि ६ मधली गादी सरकली की सी-६ (मानेची सहावी नस) दबते. कमरेत ४ आणि ५ मधली गादी सरकली की बहुतेकदा एल-४ (कमरेची चौथी) नव्हे, एल-५ दबते, कारण एल-४ गादीच्या वरूनच बाहेर पडून गेलेली असते.

बधिरपणा बोटानं दाखवायला सांगा. अंगठा सी-६, मधलं बोट सी-७, करंगळी सी-८, बेंबी टी-१० (छातीच्या मणक्यांची दहावी), पावलाची वरची बाजू एल-५, पायाची करंगळी एस-१ (कमरेखालच्या त्रिकास्थीची पहिली). मग ताकद आणि हॅमर: कोपर सरळ करणं आणि ट्रायसेप्सचा (दंडाच्या मागच्या स्नायूचा) झटका सी-७, गुडघ्याचा झटका एल-३ व ४, घोट्याचा एस-१. एल-५ ला भरवशाचा झटका नाही, तिथे पायाचा अंगठा वर उचलायला लावा.

पाऊल लोंबतंय म्हणजे कमरेची गादीच, असं धरू नका. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस मांडी घालून खूप वेळ बसल्यानंही दबते. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. जोर शाबूत असेल तर गुडघ्याजवळची नस. तोही गेला असेल तर एल-५.

प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, पुढे नुसत्या नसांचा झुपका. तो दबला की बैठकीची जागा आणि गुदद्वाराभोवतीची कातडी बधिर होते. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला हे स्पष्ट शब्दांत विचारा, संकोच नको. मूत्राशय तुडुंब भरलेलं असूनही लघवीची भावना नसेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा.