नायटा पुन्हा पुन्हा का उठतो?

जांघेतला किंवा कमरेवरचा नायटा (गजकर्ण, म्हणजे त्वचेला होणारा बुरशीचा संसर्ग) महिनोन्‌महिने जात नसेल, तर आधी घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी त्यात स्टिरॉइड आहे. त्यानं खाज लगेच शमते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरत राहते. कडा पुसट झाल्यानं निदानही चुकतं. हे मलम थांबवल्यावर काही दिवस खाज आणि लाली उसळते. नेमकं तेव्हाच लोक पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतात. वळू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

बुरशी मारणारं, स्टिरॉइड नसलेलं साधं मलम लावतानाही मोजमाप हवं. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर काढलेली मलमाची एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं हाताच्या, बोटांसकट, दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरतं. चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशीची वाढ कडेलाच जोरात असते. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही किमान 2 आठवडे मलम चालू ठेवावं.

डॉक्टरांनी इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध दिलं असेल, तर त्याची साधी कॅप्सूल पोटभर जेवल्याबरोबर घ्यायची. पोटात आम्ल नसेल तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. हृदय कमजोर असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर तेही आधीच सांगावं.

सगळं नीट घेऊनही 3-4 आठवड्यांत फरक नाही? भारतात आता पसरलेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचे टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारे प्रकार आहेत. डोस स्वतः वाढवू नका. कडेची त्वचा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणं) आणि कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखणं) करायला सांगा.

घरात कोणाला चट्टे असतील तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हावा, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रं वेगळी ठेवा, 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. कमरेचा करदोडा मात्र हमखास विसरला जातो. तो घामानं ओला राहतो आणि बुरशीला तिथेच आसरा मिळतो, म्हणून उपचार संपेपर्यंत काढून ठेवा. पायाची नखं जाड, पिवळी झाली असतील तर तीही दाखवा. नखातली बुरशी मलमानं सहसा जात नाही आणि तिथून जांघेत परत येते.