बॅरन सोल्यूशनमधलं सोनं मोजताना आकडा कुठे फसतो

सायनाइडने सोनं विरघळवणाऱ्या प्लांटच्या बॅरन सोल्यूशनमध्ये, म्हणजे सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात, बहुतेकदा लिटरमागे ०.०१ ते ०.०२ मिलिग्रॅम सोनं उरतं. ते एएएसच्या (ज्योतीतले अणू किती प्रकाश शोषतात यावरून धातू मोजणाऱ्या यंत्राच्या) हवा-ॲसिटिलीन ज्योतीत थेट ओढलं, तर २४२.८ नॅनोमीटरवरचं वाचन यंत्राच्या शोधमर्यादेलाच टेकतं. शिवाय विरघळलेले क्षार ज्योतीत प्रकाश अडवतात आणि नसलेलं सोनं दाखवतात. ड्युटेरियम करेक्शन (असा खोटा अडथळा वजा करणारी दिव्याची सोय) सुरू ठेवाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सोनं पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय द्रवाच्या थरात काढून घ्या.

नमुना टाकीजवळच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. बाटलीच्या तळाशी काळी भुकटी बसली असेल, तर तो कार्बन लॅबपर्यंतच्या वाटेत सोनं खात राहतो. पीएच १०.५ च्या वर ठेवा. आम्ल घालून नमुना टिकवायची सवय इथे जिवावर बेतेल, कारण हायड्रोजन सायनाइड सुटतो.

फ्यूमहूडमध्ये १०० मिलि नमुना सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या. १ टक्का ॲलिक्वाट ३३६ (सोन्याचं सायनाइड संयुग पकडणारं रसायन) असलेलं १० मिलि डीआयबीके (डायआयसोब्यूटाइल कीटोन, हाच तो सेंद्रिय द्रव) घालून २ मिनिटं हलवा. सोनं दहापट घट्ट होऊन वरच्या थरात येतं. ब्लँक (सोनं नसलेलं द्रावण) आणि स्टँडर्डही (ठरावीक सोनं असलेलं द्रावण) याच वाटेने न्या. सेंद्रिय द्रव स्वतःच जळतो, म्हणून ॲसिटिलीन कमी करून ज्योत निळी ठेवा आणि शून्य सेंद्रिय ब्लँकवरच लावा.

खरा त्रास तांब्याचा. मोकळं सायनाइड कमी असलं की तांबंही सोन्यासारखंच एका ऋणभाराचं संयुग होतं आणि ॲलिक्वाटवरची जागा बळकावतं. म्हणून हलवण्याआधी ०.२ ग्रॅम सोडियम सायनाइड घाला. थायोसायनेटही जागा अडवतं. तिथे ॲलिक्वाट २ टक्के करा, स्टँडर्डसाठीसुद्धा.

आता तपासणी. ०.१४६३ ग्रॅम पोटॅशियम ऑरोसायनाइड, १ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १ ग्रॅम सोडियम सायनाइड १ लिटर पाण्यात विरघळवलं की १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचं स्टॉक मिळतं. ते दहापट पातळ करून ०.५ मिलि १०० मिलि नमुन्यात घाला (हाच स्पाइक), वाचन लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमने वाढायला हवं. कमी वाढलं, तर काहीतरी सोनं दाबतंय. मात्र वाढ बरोबर आली म्हणून आकडा बरोबर ठरत नाही. क्षारांनी दाखवलेलं खोटं सोनं स्पाइकच्या आधी आणि नंतर सारखंच राहतं, त्यामुळे ते इथे सापडत नाही. त्यासाठी त्याच बॅरनमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन रात्रभर ढवळून गाळा आणि ते सोनेरहित पाणी नमुन्यासारखंच चालवा. तिथेही वाचन आलं, तर ते सोन्याचं नाही.