प्रदर्शनाला कालवड नेताय? आधी गुळाचं पाणी पाजा

आमच्या बडोद्याकडे गीर कालवडी प्रदर्शनात उतरवणारी पोरं महिनाभर खरारा मारतात, शिंगांना तेल चोळतात. पण पाण्याचा विचार कुणी करत नाही. परक्या गावच्या पाण्याला वेगळा वास असतो. कालवड बादलीत नाक घालते, फुरफुरते आणि तोंड फिरवते. पाणी नाही म्हणून चाराही कमी खाते, आणि रिंगणात उभी राहते ती खपाटीला गेलेल्या पोटाने. भाचीच्या कालवडीचं पहिल्या वर्षी हेच झालं.

उपाय साधा आहे. आठ दिवस आधीपासून घरच्या पाण्यात लिंबाएवढा गूळ विरघळवून द्या. तिकडच्या पाण्यातही तेवढाच टाका, म्हणजे चव ओळखीची लागते. बादलीही घरचीच न्या. चाराही घरचाच, ऐनवेळी खुराक वाढवलात तर पोट बिघडलंच समजा.

चालायची सवय मात्र दोन महिने आधीपासून हवी, रोज पंधरा मिनिटं. मोरखी, म्हणजे तोंडाभोवती बांधायची दोरी, घालून कासरा ताणा आणि तिने एक पाऊल टाकलं की लगेच सैल सोडा. ती यातूनच शिकते, ओढून नाही. कासरा हाताला गुंडाळू नका, बुजली तर फरफटत नेईल. गोठ्यात मोबाईलवर ढोल लावून ठेवा, रिंगणात भोंगे असतातच.

लाळ्या-खुरकुताची लस निदान तीन आठवडे आधी टोचून घ्या, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कालवड मान हलवत असताना तो वाचणं म्हणजे दिव्यच.