शनिवारची मैफल, रविवारची लेणी

माझी शनिवारची शाळा सकाळची असते. ह्यांची पहिली पाळी साडेतीनला सुटते. त्यामुळे वाळूजच्या बजाजनगरातून आम्ही दोघं निघतो ते चार-सव्वाचारला, आणि सोमवारी पहाटे कंपनीची बस असल्यामुळे रविवारी रात्री नऊच्या आत घरी यावं लागतं. तेवढ्या वेळात संभाजीनगरात गाणंही ऐकायचं आणि फिरूनही यायचं, हे आठ वर्षांत आम्हाला जसं जमत गेलं तसं सांगते.

आधी कार्यक्रम ठरवा, मग सहल. लेणी पुढच्या रविवारीही तिथंच असतात, गाणारा माणूस मात्र एका संध्याकाळपुरता येतो. वर्तमानपत्राचं शहराचं पान गुरुवार-शुक्रवारी नीट वाचा. संत एकनाथ रंगमंदिर आणि तापडिया नाट्यमंदिर यांच्यावरून जाणं झालं तर बाहेरचे फलक बघा. जानेवारीत एमजीएम विद्यापीठाच्या आवारात महागामी या नृत्य-गुरुकुलाचा शार्ङ्गदेव समारोह असतो, तो आम्ही सहसा चुकवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या सोनेरी महालाच्या अंगणात होणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव मधली काही वर्षं झालाच नव्हता. 2023 साली तो फेब्रुवारीत झाला. त्याची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी रजेचं आणि पासचं बघा.

तिकीट खिडकीवर प्लॅन समोर ठेवला की पहिली रांग मागू नका. तिथं स्पीकर कानावर येतो आणि मान अवघडते. मधल्या रांगांत, आपल्या डाव्या हाताला बसा. गायकाच्या उजवीकडे तबला असतो, म्हणजे आपल्याला तो डावीकडे दिसतो, आणि तबलजीचे हात दिसणं फार महत्त्वाचं आहे. का, ते सांगते.

लग्नानंतरच्या पहिल्या मैफलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, हे कानात म्हणाले, "आता हे किती वेळ चालायचं गं?" मला वाईट वाटलं. माझ्या आजोळी, अंबाजोगाईला, घरात पेटी होती, मला गाण्याशिवाय करमत नाही. पुढच्या वेळी मी त्यांना फक्त तीनताल मोजायला दिला. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चारचे चार भाग, नववीला खाली, म्हणजे तिथं टाळी नाही, आणि परत पहिलीवर आलं की सम. मशीनवर दिवसभर मोजणारा माणूस, त्याला ते लगेच लागलं. सुरुवात मात्र द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीपासून केली, कारण विलंबितात नवख्याची मोजणी हमखास तुटते. तिसऱ्या कार्यक्रमात समेवर आमच्या दोघांच्या माना एकदमच हलल्या. तेव्हापासून एक कार्यक्रम माझ्या आवडीचा, एक ह्यांच्या. ह्यांना गझल आणि कव्वाली लागते. वली आणि सिराज हे जुने उर्दू शायर ज्या शहरात लिहीत होते त्या शहरात ती आवड असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

जाताना पोटभर जेवून जाऊ नका, झोप येते. आम्ही दोन धपाटे खाऊन निघतो. उठायचंच झालं तर राग संपल्यावर उठा. सोनेरी महालाला डोंगराचा गारवा रात्री आठनंतर एकदम उतरतो. स्वेटर तर हवाच, वर बसायला जाड सतरंजी न्या.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. सोनेरी महालाला जायचं असेल तर शक्य तितक्या लवकर निघा आणि आधी त्याच डोंगररांगेतल्या बुद्धलेण्यांवर जा. सरकारी पाटीवर 'औरंगाबाद लेणी' असं लिहिलेलं असतं. लेण्यांचे मुख्य दोन गट आहेत, 1 ते 5 पश्चिमेला आणि 6 ते 9 पूर्वेला. वेळ कमी असेल तर सरळ पूर्वेकडच्या पायऱ्या चढा आणि लेणं क्रमांक 7 गाठा. आत गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडच्या भिंतीवर एक नर्तकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेऊन बसलेल्या सहा बायका. सहाव्या-सातव्या शतकातली ती मैफल आहे. गाभाऱ्यात उजेड कमी असतो, डोळे सरावेपर्यंत तीन-चार मिनिटं नुसतं उभं राहा. मग एकेक हात दिसायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे कितीतरी वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ही आत्ता समेवर आलीय बघ." त्या संध्याकाळी खाली ऐकलेला तबला मला आजही आठवतो.

रात्री कार्यक्रम उशिरा संपतो. एकदा तो दीड तास उशिरा सुरू झाला आणि आमची शेवटची बस गेली. तेव्हापासून सिडकोत मावशीकडे मुक्काम करतो. मावशीला आधी फोन करायचा, आणि जाताना गुलमंडीवरून इमरती न्यायची.

रविवारी सकाळी दोनपैकी एकच ठिकाण घ्या. दौलताबाद आणि वेरूळ दोन्ही एका दिवसात उरकणारे पुष्कळ असतात, पण आदल्या रात्रीच्या जागरणानंतर ते झेपत नाही.

शार्ङ्गदेव समारोहाच्या दुसऱ्या दिवशी दौलताबादच. ज्याच्या नावानं तो समारोह होतो तो शार्ङ्गदेव तेराव्या शतकात इथं, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी होता. 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ त्यानं याच काळात लिहिला. त्याचे सात अध्याय आहेत आणि शेवटचा नृत्याचा. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतांत तो ग्रंथ मानतात. किल्ला उघडताच चढायला लागा, दहानंतर दगड तापतो. किल्ल्यातल्या अंधारीसाठी, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेसाठी, बॅटरी न्या. तिथं वटवाघळांचा वास असतो, नाकाला रुमाल लावा आणि एकमेकांचा हात सोडू नका.

इतर वेळी वेरूळ. मंगळवारी बंद असतं (अजिंठा सोमवारी). ह्यांची सुट्टी काही महिने मंगळवारी होती, तेव्हा आम्ही एकदा तीस किलोमीटर जाऊन फाटकावरून परत आलो. कैलास, म्हणजे 16 नंबर, पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समोरच्या कोरीवकामावर ऊन दुपारनंतर पडतं. सकाळी 10 नंबरात बसा. त्याच्या कमानीदार दगडी छताखाली आवाज घुमतो. गर्दी नसेल तर हळूच एक षड्ज, म्हणजे 'सा', लावून बघा आणि तो विरेपर्यंत दोघांनीही बोलू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतताना दौलताबादच्या रस्त्याला सीताफळाच्या पाट्या असतात. डोळे उघडलेली, पण अजून कडक अशी घ्या. घरी पिठाच्या डब्याशेजारी ठेवली की मंगळवारपर्यंत खाण्याजोगी होतात.