बाळाचं जोडनाव: मधल्या आडव्या रेघेचं काय करायचं?

‘राम-लक्ष्मण आले’ म्हटलं की दोघं आले. मराठीत दोन शब्दांमधली आडवी रेघ ‘आणि’ म्हणते: आई-वडील, मीठ-भाकर, देणं-घेणं. म्हणून वाढदिवसाच्या पत्रिकेवर ‘चि. अन्वी-मीरा’ छापलं, तर निम्मे पाहुणे जुळ्यांसाठी दोन फ्रॉक घेऊन येतील. फ्रेंचमध्ये नेमकं उलटं. तिथे ज्याँ-पिएर हा एकच माणूस, आणि तो एकच आहे हे सांगायलाच रेघ असते. जोडनाव ठेवताना पहिला निर्णय हाच: बाळाची कागदपत्रं कोणत्या देशात तयार होणार, आणि तिथे ही रेघ काय सांगते?

मराठीला दोन नावं जोडायला रेघेची कधी गरजच पडली नाही. सीताराम, रामकृष्ण, लक्ष्मीनारायण, हरिहर ही सगळी जोडनावंच आहेत, फक्त समासात विरघळलेली. जन्म, शाळा, नोकरी सगळं महाराष्ट्रातच होणार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: दोन नावं एका शब्दात नीट बसत असतील तर जोडून लिहा; नसतील तर एक कागदावर ठेवा आणि दुसरं आत्याला पाळण्यात कानात सांगू द्या.

आधी तोंडाने तपासा

जोडनाव कागदावर सुंदर दिसतं आणि गॅलरीतून हाक मारताना मोडतं. पहिलं नाव ‘आ’ने संपत असेल आणि दुसरं ‘आ’ने सुरू होत असेल, तर दोन्ही ‘आ’ एकमेकांत मिसळतात: ‘दिया-आर्या’चं दोन दिवसांत ‘दियार्या’ होतं. पहिलं नाव आखूड आणि दुसरं त्याच मापाचं किंवा थोडं लांब ठेवा. फ्रेंच जोडनावांत ज्याँ, आन, मारी ही छोटी नावं पुढे असतात ती काही उगाच नाही.

मग विभक्ती लावून पाहा. ‘अन्वी-मीराला बोलव’ चालतं, प्रत्यय शेवटच्या नावालाच लागतो. क्रियापदाशी मात्र गाडं अडतं. ‘अन्वी-मीरा शाळेत गेली’ लिहिलं की वाचणाऱ्याला चूक वाटते, त्याच्या मनात ‘गेल्या’ असतं. वर्गशिक्षिका हा त्रास फार दिवस घेणार नाहीत. हजेरीपटावर पूर्ण नाव राहील, पण वर्गात फक्त ‘अन्वी’ उरेल. ते चालणार असेल तरच पुढे जा.

आद्याक्षरांचाही विचार करा. पु. ल. देशपांडे म्हटलं की पु म्हणजे पुरुषोत्तम आणि ल म्हणजे वडील लक्ष्मण, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘अ. मी. कुलकर्णी’मधला ‘मी’ तो वडिलांच्याच खात्यात टाकणार. फ्रेंच लोक आद्याक्षरांतही रेघ सोडत नाहीत, ज्याँ-पॉलचं ‘जे.-पी.’ करतात. आपल्याकडे ती सवय नाही.

महाराष्ट्रात नोंद करताना

जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी काही बिघडत नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४नुसार नाव नंतर घालता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे दवाखान्यातून घरी जायच्या गडबडीत, मामाने सुचवलेलं आणि आजीने सुचवलेलं अशी दोन नावं रेघेने शिवून फॉर्मवर टाकायची काहीच घाई नाही. (बहुतेक जोडनावं अशा तहातूनच जन्माला येतात.) नावाशिवाय नोंद करा आणि महिना-दोन महिने दोन्ही नावांनी हाक मारून पाहा.

घाई का नको, तर एकदा नोंदलेलं नाव आवडलं नाही म्हणून सहज बदलून मिळत नाही. कलम १५ आहे ते नोंदीतल्या चुकीसाठी. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्या दाखल्यावर नाव जसं पडेल तसं ते पुढे सगळीकडे जाणार.

आता खरी मेख. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर ‘बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ या क्रमाने लिहायचं आहे. साधी चार नावं झाली. त्यात जोडनाव मोकळी जागा सोडून लिहिलंत तर पाच शब्द होतात: अन्वी मीरा सुप्रिया निखिल कुलकर्णी. यात आई मीरा की सुप्रिया? खिडकीमागच्या कारकुनाला ते कळायचा मार्ग नाही. तो चौकटी भरताना मीराला आईच्या रकान्यात टाकतो आणि सुप्रिया वडिलांच्या रकान्यात जाते. इथे रेघ उपयोगी पडते, ‘अन्वीमीरा’ असं जोडून लिहिणं त्याहून उपयोगी. नुसती मोकळी जागा सगळ्यात वाईट.

हाताने अर्ज भरताना जोडनाव एका ओळीत बसेल असं लिहा. रेघ ओळीच्या शेवटी आली तर टाइप करणाऱ्याला वाटतं, जागा संपली म्हणून शब्द तोडलाय. तो रेघ काढून नाव सलग करतो. संगणकावर भरत असाल तर रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. काही कीबोर्ड दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतात, तीही नको. माणसाच्या डोळ्याला हे सगळं सारखंच. नाव जुळवून पाहणाऱ्या यंत्राला ती तीन वेगळी नावं आहेत. दाखला हातात आला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं खिडकी सोडण्याआधी वाचा. एकीत रेघ आणि दुसरीत नाही, असं असेल तर तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या.

पासपोर्टवर रेघेचं काय होतं

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ घरांच्या. पहिल्या ओळीतली पहिली ५ घरं कागदाचा प्रकार आणि देश सांगतात, उरलेली ३९ नावाची. आधी आडनाव, मग << अशी दोन चिन्हं, मग नावं, आणि दोन नावांच्या मध्ये एक <. आंतरराष्ट्रीय नियमाने या ओळीत रेघेला जागाच नाही. तिच्या ठिकाणी < येतं. नावांमधल्या मोकळ्या जागेच्या ठिकाणीही तेच येतं. म्हणजे यंत्राच्या लेखी ‘अन्वी-मीरा’ आणि ‘अन्वी मीरा’ एकच. ‘अन्वीमीरा’ मात्र वेगळं.

यातून एक नियम निघतो. दाखल्यावर रेघ आहे आणि एखादा ऑनलाइन फॉर्म ती घेत नाही, ‘फक्त अक्षरं टाका’ म्हणतो, तर रेघेच्या जागी मोकळी जागा सोडा, शब्द जोडू नका. विमानाच्या तिकिटावर सगळी नावं एकत्र चिकटून छापली जातात. ती तिकीटप्रणालीची सवय आहे, त्याने घाबरू नका.

घरंही मोजून पाहा. वरची पाचही नावं इंग्रजी अक्षरांत पासपोर्टवर घातली तर आडनावाची ८, दोन चिन्हं, मग ४, ५, ७ आणि ६ अक्षरं आणि मधली तीन चिन्हं: एकूण ३५. बसलं. पण वडील निखिलऐवजी चंद्रशेखर असतील तर ४३ होतात, आणि नाव तळाच्या ओळीत कापलं जातं.

बाळ परदेशात जन्मणार असेल तर

जर्मनीत जन्माची खबर एका आठवड्यात द्यायची असते. नाव ठरलं नसेल तर त्यासाठी महिना मिळतो. तिथे रेघेला कायद्याचं वजन आहे. रेघेविना दोन नावं ठेवली तर मूल पुढे त्यातलं कुठलंही रोजचं म्हणून वापरू शकतं, आणि १ नोव्हेंबर २०१८पासून नुसतं निवेदन देऊन नावांचा क्रमही बदलता येतो. रेघ घातली की ते एक नाव झालं: ना क्रम बदलता येत, ना अर्धं सोडता येत. ‘आरव-मथियास’ ठेवलंत तर त्याला नुसतं आरव व्हायला नाव बदलायची वेगळी प्रक्रिया करावी लागेल. आजी-आजोबांसाठी एक आणि शेजाऱ्यांसाठी एक, असा हेतू असेल तर जर्मनीत रेघ घालू नका.

फ्रान्समध्ये खबर पाच दिवसांत. तिथे जन्मनोंदीत वेगवेगळी नावं स्वल्पविरामाने सुटी करतात आणि जोडनाव रेघेने बांधतात. नगरपालिकेत तोंडी सांगताना रेघ हवी की स्वल्पविराम हे उच्चारून सांगा, आणि सही करण्याआधी मसुदा वाचा. स्वल्पविराम पडला तर दुसरं नाव कागदोपत्रीच राहतं, हाक मारायला कुणी वापरत नाही.

पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोव्याच्या कुटुंबांसाठी हिशेब निराळा. पोर्तुगीज नोंदीत पूर्ण नाव जास्तीत जास्त सहा शब्दांचं, त्यातले दोन बाळाच्या नावाचे आणि चार आडनावांचे. मारिया फातिमासारखी जोडी तिथे रेघेविनाच सुखाने नांदते.

बाळ भारतीय नागरिक राहणार असेल तर परदेशातला जन्म भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत नोंदवा, आणि तिथल्या अर्जावर नाव स्थानिक दाखल्यावर आहे तसंच, रेघेसकट भरा.

रेघ आधीच हुकली असेल तर

दाखल्यावर ‘अन्वी-मीरा’, आधारवर ‘अन्वीमीरा’, शाळेत नुसतं ‘अन्वी’ असं झालं असेल तर दाखला मूळ धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, उलटं करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी दाखला पक्का करा आणि मगच आधारला हात लावा. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार असेल तर पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायला जाल तेव्हा हेही काम उरकून टाका. फरक नुसत्या रेघेचा असेल तर काही ठिकाणी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालतं. नावाचा अर्धा भागच गळला असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरवरून लिहिला जातो.