लहान मॉडेलवर प्रायमरचा हात रवाळ का होतो?

२८ मिलिमीटर मापाच्या शिपायाच्या अंगातल्या कडीदार चिलखताची एकेक कडी मोहरीपेक्षाही लहान असते. त्यावर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, हात जाड बसला तर कड्या बुजतात. रवाळ बसला तर वरून दिलेल्या प्रत्येक रंगात ती खरखर दिसत राहते. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे प्रायमरच्या स्प्रे कॅनच्या नोझलमधून सुटलेला थेंब मॉडेलवर पोचताना किती ओला असतो. फार ओला पोचला तर तो साचून ओघळतो, वाटेतच सुकला तर पिठासारखा चिकटतो, आणि ओला पोचून पसरला व लगेच धरला तरच पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

आधी मॉडेल स्वच्छ हवे. साच्यातून सहज सुटावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश विशेषतः रेझिनच्या मॉडेलवर राहतो आणि तेथे प्रायमर धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ टूथब्रशने ते धुवावे आणि खाचांतले पाणीही पूर्ण वाळू द्यावे. साच्याच्या सांध्याची रेघ सुरीच्या पात्याच्या बोथट पाठीने खरवडून काढावी. प्रायमर ती झाकत नाही, उलट ठळक करतो. मग मॉडेल दुहेरी चिकटपट्टीने एखाद्या बाटलीच्या बुचावर बसवावे.

आपल्याकडे खरी अडचण हवेची आहे. मे महिन्याच्या दुपारी थेंब हवेतच सुकतो आणि हात रवाळ होतो. पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, वेगळाच त्रास होतो. एका जुलैत पाऊस थांबलेला पाहून मी गॅलरीत पाच शिपायांना काळा प्रायमर मारला आणि काही मिनिटांतच त्यांच्यावर पांढुरकी झाक आली. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो व हवेतली वाफ त्यावर बसते, म्हणून असे घडते. तेव्हापासून पावसाळ्यात मी कॅनला हात लावत नाही. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घरात बसून पातळ थरांत लावतो. कॅनसाठी हिवाळ्यातली ऊन पडलेली, वारा नसलेली सकाळ उत्तम. कॅन गार वाटला तर काही मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा, पण गरम पाण्यात किंवा आचेजवळ कधीही नेऊ नये.

आतली गोळी खुळखुळू लागल्यावर कॅन दोन मिनिटे हलवावा. आपल्याकडून ही पायरी सर्वांत जास्त घाईत उरकली जाते, आणि तळाशी बसलेला रंग नीट मिसळला नाही तर पुढे कितीही कौशल्य दाखवले तरी उपयोग होत नाही. मोकळ्या हवेत, मास्क लावून, पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून पाहावा. अंतर साधारण एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर ठेवावे. बटण मॉडेलच्या बाहेर दाबावे, हात एका गतीने मॉडेलवरून न्यावा आणि पलीकडे गेल्यावरच बटण सोडावे, कारण सुरुवातीला आणि शेवटी नोझल मोठे थेंब टाकते.

सुरुवात खालून करावी: काखा, अंगरख्याच्या आतली बाजू, हनुवटीखालचा भाग. वरून सुरुवात केली की राहिलेल्या सावल्या गाठण्याच्या नादात खांद्यांवर जाड थर चढतो. पहिल्या हातानंतर खालचे प्लास्टिक ठिकठिकाणी दिसत राहिले पाहिजे. ते पाहून हात शिवशिवतो, तरी थांबावे. कॅनवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा आणि मगच दुसरा, लागल्यास तिसरा पातळ हात द्यावा. नवख्याने राखाडी प्रायमर घ्यावा, कारण त्यावर राहिलेले दोष चटकन दिसतात; पांढरा सर्वांत लवकर रवाळ होतो. काम संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारावा, म्हणजे नोझल तुंबत नाही.

इतके करूनही खरखर राहिली तर २४ तास थांबावे. सुटी भुकटी कोरड्या टूथब्रशने निघते. ढाल किंवा रणगाड्याच्या पत्र्यासारख्या सपाट भागावर १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवावा. चेहरा किंवा चिलखत बिघडले असेल तर घासू नये. प्लास्टिकचे मॉडेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून प्रायमर काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी. अ‍ॅसिटोन किंवा रंगाचे थिनर मात्र वापरू नये, कारण त्याने प्लास्टिकच विरघळते.