जुन्या सुटकेसचा ड्रम सेट: पहिले छिद्र पाडण्याआधीची तयारी

जुन्या सुटकेसचा ड्रम सेट करायला घेण्याआधी काय काय जमवावे आणि काय तपासून घ्यावे, याची ही तयारी आहे. या सेटमध्ये उभी केलेली सुटकेसच बास ड्रमचे, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायच्या खर्जाच्या मोठ्या ड्रमचे, काम करते. तयारी करताना एक अट मी कधीही सैल करत नाही: वाजवून झाल्यावर सगळे सामान त्याच सुटकेसमध्ये परत भरता आले पाहिजे, तिच्या कड्या लागल्या पाहिजेत आणि ती एका हाताने जिना उतरून नेता आली पाहिजे. ज्यांनी पूर्ण ड्रम सेट लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन खेपा करून वर चढवला आहे, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना तिच्या आवाजाइतकेच तिचे माप आणि वजन पाहावे.

सर्वांत आधी अर्थातच सुटकेस. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे, आणि बहुतेक घरांत माळ्यावर एखादी आजोबांच्या वेळची सुटकेस डांबराच्या गोळ्यांचा वास धरून पडलेली असते. घरातली सुटकेस घ्यायची असेल तर आधी घरच्यांची परवानगी घ्यावी, कारण पाडलेले छिद्र बुजवता येत नाही. दाबलेल्या पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची, आतून लाकडी चौकट असलेली सुटकेस सर्वांत चांगली. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या बॅगेचा आवाज पोकळ आणि टकटकीत येतो, तर पत्र्याची ट्रंक घुमते खरी, पण तिचा नाद आवरता आवरत नाही. निवड मात्र कानाने करावी. सुटकेस बंद करून लांब बाजूवर उभी करावी, मूठ वळून तळहाताच्या मऊ भागाने मोठ्या पृष्ठभागाच्या मध्यावर थाप द्यावी, आणि मग तशीच थाप कोपऱ्याजवळ द्यावी. मध्यावर भरदार ‘धम्’ आणि कोपऱ्यात कोरडा ‘टक्’ असा स्पष्ट फरक ऐकू आला, तर पृष्ठभाग मोकळेपणाने हलतो आहे असे समजावे. दोन्हीकडे सारखाच आवाज आला, तर पुठ्ठा ओल धरून मऊ पडलेला असतो किंवा चौकट निखळलेली असते. माझी सुटकेस ६४ सेंटिमीटर लांब, ४२ उंच आणि १९ खोल आहे. याहून फार लहान सुटकेसमध्ये खर्ज मिळत नाही, कारण पृष्ठभाग आणि आतली हवा दोन्ही कमी पडतात.

सुटकेस घरी आणल्यावर दोन दिवस उघडी करून उन्हात ठेवावी. आतले सुटलेले अस्तर, इलास्टिकचे खिसे आणि सैल पट्ट्या काढून टाकाव्यात, कारण पेडलच्या प्रत्येक ठोक्याला हीच मंडळी खरखरतात. गंजलेल्या कड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा. कडी घट्ट बसत नसेल तर तिच्या आत चामड्याचा पातळ तुकडा चिकटवावा, कारण झाकण किंचित जरी सैल राहिले तरी आवाज फाटतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पायाने चालवायचे, बाजारात यशस्वी ठरलेले बास पेडल १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी आणले. तेव्हापासून आजतागायत पेडलची पकड ड्रमच्या गोल लाकडी कड्याला धरून बसते. सुटकेसला असे कडे नसते, म्हणून ते आपल्याला करून द्यावे लागते. त्यासाठी सागवान किंवा दुसऱ्या एखाद्या टणक लाकडाची सुमारे २० सेंटिमीटर लांबीची पट्टी सुताराकडून घ्यावी. ती सुटकेसच्या तळाशी अशी बसवावी की तिची चार सेंटिमीटर कड वाजवणाऱ्याच्या बाजूला बाहेर येईल. पट्टीची जाडी अंदाजाने सांगू नये. पेडल बरोबर नेऊन त्याची पकड किती उघडते ते सुताराला प्रत्यक्ष दाखवावे. पट्टी स्क्रूने बसवण्याचा मोह टाळावा. जुन्या पुठ्ठ्यात स्क्रूचे आटे चार-दोन कार्यक्रम टिकतात आणि नंतर भोक मोठे होत जाते. माझ्या पहिल्या सुटकेसची पट्टी भर कार्यक्रमात अशीच निसटून पेडलसकट पुढे आली होती. सहा मिलिमीटरचे बोल्ट आरपार घालावेत, आतून सहा मिलिमीटर प्लायचा तुकडा आधाराला द्यावा, दोन्ही बाजूंना रुंद वायसर लावावेत आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले) वापरावेत, कारण साधा नट कंपनाने हमखास सैल होतो. ड्रिल चालवण्याआधी छिद्राच्या जागी कागदी चिकटपट्टी लावली तर पुठ्ठ्याचे पापुद्रे निघत नाहीत.

बीटर, म्हणजे पेडलला जोडलेला ठोका देणारा टोला, जिथे आपटतो तिथे पृष्ठभागाला संरक्षण लागते. चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून दहा सेंटिमीटर व्यासाची चामड्याची चकती कापून घ्यावी. तिच्यामुळे आवाजातली टोचणी जाते आणि पुठ्ठाही फाटत नाही. आतून प्लाय चिकटवणारे लोकही आहेत, परंतु त्याने पृष्ठभाग ताठ होतो आणि खर्ज हरवतो, म्हणून मी ते करत नाही. बीटर नमद्याचा, मऊ डोक्याचा घ्यावा. सुटकेस बास ड्रमपेक्षा बुटकी असल्याने बीटरची दांडी पकडीत खाली सरकवावी लागते. चकती चिकटवण्याआधी बीटरला खडू लावून चार ठोके मारावेत, म्हणजे तो नेमका कुठे लागतो ते उमटते. मध्यापेक्षा दोन-तीन बोटे वर लागला तरी चालते. आत जुना पंचा सैल घडी करून, मारल्या जाणाऱ्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल असा ठेवावा आणि त्याला वेल्क्रो लावावे, म्हणजे सामान भरताना तो काढता येतो.

स्नेअर, म्हणजे खालच्या बाजूला तारा लावलेला छोटा ड्रम, दहा किंवा बारा इंची घ्यावा आणि खरेदीआधी त्याची खोली कड्यांसकट मोजावी, कारण दुकानात सांगितलेले माप बहुधा फक्त पिंपाचे असते. हलगी हाही उत्तम पर्याय आहे. ती सपाट असल्याने बॅगेत सहज मावते आणि तिचा कडकडाट सुटकेसच्या खर्जावर फार शोभतो, मात्र पावसाळ्यात कातडे उतरते आणि शेकायला जागा मिळेलच असे नाही. स्नेअर सुटकेसवरच बसवू नये, कारण पेडलच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या तारा बोलतात. घडीचा हलका स्टँड वेगळा ठेवावा आणि तो मिटल्यावर सुटकेसच्या लांबीत बसतो का ते पाहावे. हाय-हॅटचा (पायाने एकमेकींवर आपटायच्या दोन झांजांचा) स्टँड या सुटकेसमध्ये मावत नाही, म्हणून मी डाव्या पायात घुंगरांचा पट्टा बांधतो. झांज एकच, दहा-बारा इंची पुरे. तिचा दांडा सुटकेसच्या कडेला लावायचा असेल तर तिथेही आतून प्लायचा आधार हवा.

ध्वनिवर्धक असणाऱ्या ठिकाणी सुटकेसच्या मागच्या बाजूला दहा सेंटिमीटरचे गोल छिद्र उपयोगी पडते, कारण त्यातून मायक्रोफोन आत सरकवता येतो. आधी हे छिद्र न पाडता महिनाभर वाजवून पाहावे. ज्यांना छिद्र नको असेल त्यांनी २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपने टिपून त्यांचा विद्युत संकेत करणारी) आतून चिकटवावी, मात्र तिच्यासाठी प्रीअँप, म्हणजे तो क्षीण संकेत वाढवणारे छोटे यंत्र, लागतो, अन्यथा आवाज पातळ आणि कर्कश येतो.

सुटकेस घसरू नये म्हणून तळाला चार रबरी बूच लावावेत आणि खाली जाड सतरंजीचा तुकडा अंथरावा. तो इतका मोठा असावा की त्यावर सुटकेस, पेडल आणि वाजवणाऱ्याची खुर्चीही बसेल, कारण खुर्चीच्या वजनानेच सतरंजी जागेवर राहते. प्रत्येक पायाची जागा सतरंजीवर पांढऱ्या रंगाने खुणावून ठेवली की अंधाऱ्या रंगमंचावरही मांडणी चुकत नाही.

हे सर्व झाल्यावर वीस मिनिटे पूर्ण जोराने वाजवावे, सगळे नट पुन्हा आवळावेत आणि मग सुटकेस भरून वजन करावे. देशांतर्गत विमानप्रवासात बहुधा १५ किलो सामान नेता येते, म्हणून मी भरलेली सुटकेस १२ किलोच्या वर जाऊ देत नाही. सहा मिलिमीटरच्या नटासाठी दहा नंबरचा पाना, चार जादा नायलॉक नट, ड्रमची चावी (स्नेअरचा ताण कमी-जास्त करण्याची) आणि चामड्याची एक जादा चकती एका छोट्या पिशवीत घालून ती झाकणाच्या आत बांधावी. भरताना स्टँड तळाशी, त्यावर पंच्यात गुंडाळलेली झांज, शेजारी स्नेअर आणि पेडल असा क्रम ठेवावा. सतरंजी सर्वांत शेवटी वर घालावी, कारण मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांत आधी तीच लागते.